मुंबईत जन्मलेला कर्णधार

भातकापणी झाली की महाड आणि पोलादपूर भागातील शेते मोकळी होतात. मग मुले तेथे स्टंप रोवतात आणि टेनिसच्या चेंडूने क्रिकेट सुरू होते. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला वहाळ. एखादा मुलगा प्रत्येक चेंडू एकाच बाजूला मारतो, हे दोन-चार चेंडूंत सर्वांच्या लक्षात येते. लगेच चार-पाच जण धावत जाऊन त्याच बाजूला उभे राहतात. फलंदाज चिडतो. सगळे एकीकडेच का उभे राहिले, असे तो विचारतो. पण शेतातल्या क्रिकेटमध्ये त्याला उत्तर कोण देणार?

मोठ्या क्रिकेटमध्ये मात्र याविषयी नियम आहे. त्या नियमाची गोष्ट सांगताना एका माणसाचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. ते म्हणजे डग्लस जार्डीन. ते इंग्लंडचे कर्णधार होते; पण त्यांचा जन्म मुंबईचा.

२३ ऑक्टोबर १९०० रोजी मुंबईत मलबार हिलवर जार्डीन यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. वडील मुंबईत वकिली करीत. तेही तरुणपणी चांगले फलंदाज होते. डग्लस नऊ वर्षांचे झाले तेव्हा त्यांना शिक्षणासाठी स्कॉटलंडला मावशीकडे पाठवण्यात आले. आईवडील हजारो मैल दूर, आणि मुलगा परक्या घरी. त्या काळी हिंदुस्थानातील इंग्रज मुलांच्या नशिबी हे असेच. जार्डीन अबोल आणि कठोर का झाले, याचे मूळ काहीजण येथे शोधतात. पुढे ते विंचेस्टर येथे व नंतर ऑक्सफर्डला शिकले. ते उंच होते. बचाव भक्कम, आणि बाद होणे त्यांना मुळीच मान्य नसे.

१९२८ मध्ये ते इंग्लंडकडून पहिला कसोटी सामना खेळले. १९३२ साली हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सवर आपला पहिलावहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा समोर इंग्लंडचे कर्णधार जार्डीनच होते. मोहम्मद निसार यांनी पहिल्या डावात पाच बळी घेऊन इंग्लंडला हादरवले. जार्डीन यांनी ७९ आणि नाबाद ८५ धावा केल्या आणि सामना वाचवला. नुसता वाचवलाच नाही, तर जिंकला.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा दौरा होता. तेथे डॉन ब्रॅडमन होते. १९३० च्या एकाच मालिकेत ब्रॅडमन यांनी इंग्लंडविरुद्ध ९७४ धावा काढल्या होत्या. त्यांना रोखायचे कसे, हा जार्डीन यांच्यापुढचा प्रश्न होता.

त्यांनी काढलेला उपाय नीट समजून घेण्यासारखा आहे. साधारणपणे वेगवान गोलंदाज ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू टाकतो आणि कर्णधार त्या बाजूला स्लिपमध्ये माणसे ठेवतो. जार्डीन यांनी हे उलटे केले. हॅरॉल्ड लारवूड आणि बिल व्होस या वेगवान गोलंदाजांनी चेंडू आखूड टप्प्याचा, फलंदाजाच्या अंगावर येईल असा टाकायचा. लेग बाजूला पाच-सहा क्षेत्ररक्षक. काही फलंदाजाच्या अगदी जवळ, एक-दोन दूर सीमेजवळ. फलंदाजाने बॅट आडवी धरून अंग वाचवले तर जवळचा झेल घेणार. उचलून मारले तर दूरचा झेल घेणार. काहीच केले नाही तर चेंडू छातीवर. त्या काळी हेल्मेट नव्हते, हे विसरू नका. या डावपेचाला पुढे बॉडीलाइन असे नाव पडले.

यात कोणताही नियम मोडत नव्हता. क्षेत्ररक्षक कोठे उभे करावेत, हा कर्णधाराचा अधिकार होता. तरीही इंग्लंडच्या संघातच सर्वांना हे पटले नव्हते. पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान हे त्या वेळी इंग्लंडकडून खेळत होते. सिडनीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी पदार्पणातच १०२ धावा केल्या. पण कर्णधाराने लेग बाजूच्या सापळ्यात उभे राहायला सांगितले तेव्हा त्यांनी नकार दिला. परक्या संघात, पहिल्याच दौऱ्यावर, तेही जार्डीन यांच्यासारख्या कर्णधाराला नाही म्हणायचे! दुसऱ्या कसोटीनंतर ते त्या मालिकेत पुन्हा खेळले नाहीत. वेगवान गोलंदाज गबी ॲलन यांनीही असे चेंडू टाकायला नकार दिला. त्यांचे स्थान मात्र टिकले. (हेच नबाब १९४६ साली इंग्लंडमध्ये हिंदुस्थानचे कर्णधार झाले. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले ते एकमेव खेळाडू.)

जानेवारी १९३३ मध्ये ॲडिलेडला ऑस्ट्रेलियाचे कर्णधार वुडफुल यांच्या छातीवर लारवूड यांचा चेंडू आदळला. प्रेक्षक खवळले. पुढे ओल्डफील्ड यांच्या डोक्याचे हाड मोडले. तो चेंडू सापळा लावून टाकलेला नव्हता. परंतु लोक आता ऐकायला तयार नव्हते. दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांत तारांवर तारा गेल्या. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. ब्रॅडमन यांची सरासरी ५६ वर आली. इतर कोणाला ती फार मोठी वाटली असती. त्यांच्यासाठी ती कमीच होती.

वर्षअखेर जार्डीन आपल्या जन्मगावी परतले, तेही कर्णधार म्हणून. १५ डिसेंबर १९३३ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना सुरू झाला. समोर कर्णधार होते नागपूरचे सी. के. नायडू. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. सामना इंग्लंडने जिंकला. फेब्रुवारी १९३४ मध्ये मद्रासला जार्डीन आपला शेवटचा कसोटी सामना खेळले. म्हणजे जन्म मुंबईत आणि कसोटीचा शेवट मद्रासेत.

फलंदाजाच्या अंगावर मुद्दाम मारा होत असेल तर तो थांबवण्याचा अधिकार लवकरच पंचांना मिळाला. लारवूड यांच्याकडून माफीची अपेक्षा करण्यात आली. खाणीत काम करून वर आलेल्या या गोलंदाजाने कर्णधाराचा हुकूम पाळला होता. त्यांनी माफी मागितली नाही आणि ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. मालिकेत ३३ बळी घेणाऱ्या खेळाडूचा हा शेवट मनाला लागतो.

क्षेत्ररक्षकांवर बंधन यायला आणखी बराच काळ लागला. १९५० नंतर काही संघ केवळ धावा रोखण्यासाठी लेग बाजूला माणसे भरू लागले. खेळ रटाळ होऊ लागला. मग १९५७ साली लेग बाजूला यष्टीच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक नकोत असे ठरले. यष्टीरक्षक त्यात धरायचा नाही. तिसरा उभा राहिला तर पंच नो-बॉल देतात. या एका नियमाने जार्डीन यांचा सापळा उभा करणेच अशक्य झाले. गोलंदाजाला पुन्हा ऑफ स्टंपकडे वळावे लागले. तेथे झेल मिळतो, पण फलंदाजाला कट आणि ड्राइव्हही मिळतात.

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही असेच घडले. टेड विल्यम्स हा डावखुरा फलंदाज बहुतेक चेंडू उजवीकडे मारी. म्हणून १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक तिकडे नेले. ही युक्ती पुढे फार पसरली. अखेर २०२३ पासून तेथील मोठ्या स्पर्धेत जवळच्या चार क्षेत्ररक्षकांपैकी दोन-दोन जण दुसऱ्या तळाच्या दोन्ही बाजूंना हवेत, असा नियम आला. आधी योग्य जागी उभे राहून जे काम होई, त्यासाठी आता संघांना चपळ पायांचे खेळाडू लागतात.

दुसऱ्या महायुद्धात जार्डीन सैन्यात गेले. डंकर्कहून सुटल्यावर त्यांची नेमणूक क्वेट्टा आणि सिमला येथे झाली. तेथे ते हिंदुस्तानी चांगली बोलू लागले. १८ जून १९५८ रोजी कर्करोगाने स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. लेग बाजूच्या नियमाला तेव्हा एकच वर्ष झाले होते. त्यांची रक्षा स्कॉटलंडच्या डोंगरावर विखुरण्यात आली.