दगडफूल आणि डॉ. आघारकर

मुलांनो, हिवाळ्यात बडनेऱ्यात झाडाच्या सालीवर दगडफुलाचे पांढुरके डाग दिसतात. मोबाईल जवळ नेऊन फोटो काढा, वेगळंच जग दिसेल!

अशा सजीवांच्या अभ्यासाला घर दिलं शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी. जन्म १८८४, मालवण. नमुने गोळा करत ते सह्याद्रीत हिंडले. शिकायला जर्मनीत गेले, तर पहिलं महायुद्ध पेटलं. कैदेत राहावं लागलं. तरी बर्लिनची डॉक्टरेट मिळवलीच. पुढे कलकत्ता विद्यापीठात शिकवलं.

निवृत्तीनंतर आराम केला नाही. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. १९६० मध्ये ते गेले. आजच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांचे नमुने जपलेले आहेत.

तुम्हीही फोटोखाली जागा आणि तारीख लिहा. अभ्यास तिथूनच सुरू होतो.