सयाजीरावांचं तैलचित्र काढणारे राजा रविवर्मा तैलरंग शिकले कसे?

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांचं राजा रविवर्मांनी काढलेलं तैलचित्र याच संग्रहात आहे.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, केरळमधल्या किळिमानूरचा. चौदाव्या वर्षी काका त्यांना त्रावणकोरच्या दरबारात घेऊन गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी पोरातले गुण हेरले आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं.

अडचण होती तैलरंगांची. हे रंग सावकाश वाळतात, त्यामुळे थरावर थर चढवून मखमलीची झळाळी आणि मोत्यांचं पाणी हुबेहूब उतरवता येतं. राजेलोकांना अशी चित्रं हवी असत, पण ती बहुतेकदा युरोपीय चित्रकार काढत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी रविवर्मांना शिकवायला नकार दिला. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनी फक्त बघायची मुभा दिली. रविवर्मा बघून आणि स्वतः करून शिकले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं.

बडोद्याचं दार उघडलं ते दिवाण सर टी. माधवरावांमुळे. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते. 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांच्या हाती कारभार आला, त्या निमित्ताने रविवर्मांना बोलावणं गेलं. सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातून 1875 मध्ये दत्तक आलेले. हाच मुलगा आता गादीचा धनी आहे, हे चित्रातून सगळ्यांना दिसायला हवं होतं.

काम पसंत पडलं. पुढे 1888 मध्ये बडोद्याकडून 14 पौराणिक चित्रांचं मोठं काम मिळालं.

पण राजवाड्यातली चित्रं सामान्यांना कुठून दिसणार? म्हणून रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या. मात्र कर्ज वाढत गेलं. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला, तरी जम बसेना. शेवटी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला.

2 ऑक्टोबर 1906 रोजी रविवर्मा गेले. त्यांना मोठं केलं राजांच्या चित्रांनी; घराघरांत ओळख दिली ती मात्र कर्जात बुडवणाऱ्या त्याच छापखान्याने.