राखेतले धन शोधणारे गोल्डश्मिट

आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घाशीत आणि उरलेली परसातल्या वाफ्यावर टाकीत. आपल्या मॉरिशसमधील वीजघरांत उसाच्या हंगामात चिपाड जळते, एरवी परदेशी कोळसा जळत आला आहे. त्याचीही शेवटी राखच होते. या कोळशाच्या राखेत काय दडले आहे हे ज्यांनी जगाला दाखविले, त्या व्हिक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट यांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी झुरिक येथे एका ज्यू घराण्यात झाला. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९०१ साली त्यांच्या नोकरीनिमित्त सारे नॉर्वेत आले आणि तोच देश मुलाचा मायदेश झाला. अवघ्या २६व्या वर्षी व्हिक्टर ओस्लोला प्राध्यापक झाले. कोणते मूलद्रव्य पृथ्वीच्या पोटात कोठे साठते आणि का, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणून त्यांना मान दिला जातो.

१९२९ साली ते जर्मनीत गटिंगेनला गेले. तेथे राख विजेच्या प्रखर ज्योतीत जाळून, तिच्या प्रकाशातील रेषांवरून ते आतली द्रव्ये ओळखीत. १९३० साली न्यूकॅसलकडील कोळशाच्या राखेत त्यांना जर्मेनियम सापडले, तेही सुमारे एक टक्का! साध्या खडकात ते दहा लाख भागांत जेमतेम एक-दोन भाग असते. पुढे आर्सेनिक, बेरिलियम अशी इतर द्रव्येही राखेत भरपूर आढळली. एवढे धन आले कोठून? गोल्डश्मिट यांनी उलगडा केला तो असा: प्राचीन अरण्यातील झाडे मुळांनी ही द्रव्ये जमिनीतून वर ओढीत. पाने गळत, कुजत. पाणी पुष्कळ काही वाहून नेई, पण ही द्रव्ये कुजलेल्या थरात अडकून राहत. मागाहून झिरपलेल्या पाण्यातूनही कोळसा जर्मेनियम शोषून घेतो, हे पुढच्या संशोधकांनी दाखविले.

हिटलरच्या राज्यात ज्यूंचा छळ वाढला, तेव्हा १९३५ साली राजीनामा देऊन ते ओस्लोला परतले. पण १९४० साली जर्मन फौजा तेथेही आल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना पकडून बर्गच्या छावणीत टाकले. २६ नोव्हेंबरला पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन डोनाऊ जहाज निघणार होते. गोल्डश्मिट धक्क्यावर उभे होते. देशाला या माणसाची गरज आहे, असे सहकाऱ्यांनी पटविले म्हणून ऐन वेळी त्यांना बाजूला काढले. जहाजातले बहुतेक लोक आउश्विट्झला मारले गेले.

डिसेंबरात ते लपतछपत स्वीडनला निसटले व १९४३ साली ब्रिटनला पोहोचले. तेथे त्यांनी शेतजमिनीच्या अभ्यासाला हात घातला, पण छावणीने प्रकृती पार खचली होती. १९४६ साली ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी वारले.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, तो जर्मेनियमचा. टेलिफोनचे बोलणे वाहून नेणाऱ्या काचतंतूंतही आज हेच द्रव्य मिसळतात, आणि चीनमध्ये ते काही खाणींच्या कोळशातूनच काढले जाते. गोल्डश्मिट यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ इतरांच्या हातून पुरा होऊन १९५४ साली छापला गेला.