घराघरांत कॉफीची वाफ पोहोचविणारा कारागीर : अल्फोन्सो बियालेत्ती

नवी मुंबई, प्रतिनिधी

चहाचे राज्य महाराष्ट्रात अद्याप अबाधित असले, तरी नवी मुंबईच्या वसाहतींत कॉफीची घरे पहिल्यापासून आहेत. खाडी ओलांडून वाशी, नेरूळला स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य कुटुंबांनी आपले पितळी आणि स्टीलचे फिल्टर सोबत आणले. अलीकडे अशा फिल्टरच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अष्टकोनी अंगाची आणि बारीक कमरेची एक छोटी किटली दिसू लागली आहे. बाहेरच्या महागड्या कॉफीला घरच्या घरी पर्याय म्हणून ती घेतली जाते. ‘मोका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भांड्यामागे एका इटालियन कारागिराचे आयुष्य उभे आहे. त्याचे नाव अल्फोन्सो बियालेत्ती.

बियालेत्ती यांचा जन्म १७ जून १८८८ रोजी उत्तर इटलीतील पिडमॉन्ट प्रांतात, कासाले कोर्ते चेर्रो या डोंगराळ गावी झाला. आल्प्सच्या पायथ्याचा हा मुलूख तसा गरीब. हातांना काम हवे, तर सीमा ओलांडण्यावाचून गत्यंतर नसे. तरुण अल्फोन्सो फ्रान्सला गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथील ॲल्युमिनियम उद्योगात राबले. वितळलेला धातू लोखंडी साच्यात ओतून एकसारख्या वस्तू घडविण्याची विद्या त्यांनी तेथेच आत्मसात केली. पहिले महायुद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले आणि १९१९ साली ओर्ता सरोवराजवळच्या ओमेन्या गावानजीक, क्रुझिनालो येथे त्यांनी स्वतःचा लहानसा कारखाना थाटला.

त्या काळी एस्प्रेसो ही घरात होणारी वस्तू नव्हतीच. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट नोंदविले आणि १९०५ पासून देझिदेरिओ पाव्होनी यांनी तशी यंत्रे बाजारात आणली. परंतु ती होती पुरुषभर उंचीची, चकाकत्या पितळेची आणि प्रशिक्षित माणसानेच हाताळावयाची. झटपट कपभर कडक कॉफी हवी असेल, तर उपाहारगृहाची पायरी चढावी लागे. घरी मात्र उकळून गाळलेल्या वा थेंबाथेंबाने झिरपणाऱ्या कॉफीवरच समाधान मानावे लागे.

ही दरी बियालेत्ती यांनी १९३३ साली बुजविली. गावातील स्त्रिया कपडे धुण्यासाठी वापरीत असलेल्या हंड्यात मधोमध एक नळी असे. पाणी उकळले, की साबणाचे पाणी नळीतून वर चढून कपड्यांवर पसरे. ते पाहूनच त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. या रचनेचे श्रेय काही जण लुइजी दे पोंती यांनाही देतात. कल्पना कोणाचीही असो, तिला ॲल्युमिनियमच्या साच्यात उतरवून घराघरांत शिरण्याजोगे रूप दिले ते बियालेत्ती यांनीच. येमेनमधील ज्या मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली, त्याच बंदराचे नाव या भांड्याला मिळाले. बाबा बुदान यांनी चिकमंगळूरच्या डोंगरांत आणलेले सात दाणेही येमेनचेच, असे आपल्याकडची दंतकथा सांगते.

मोकाची रचना साधी आहे. खालच्या भागात पाणी, मधल्या गाळणीत कॉफीची पूड आणि वरचा भाग रिकामा. खालचे पाणी तापले, की कोंडलेली हवा व वाफ पाण्याला वर ढकलते. ते पुडीतून जाऊन वरच्या भागात कॉफी होऊन साठते. हा दाब जेमतेम एक ते दोन बार असतो, तर खऱ्या एस्प्रेसोला सुमारे नऊ बार लागतो. म्हणूनच मोकाच्या कॉफीवर एस्प्रेसोसारखी दाट सोनेरी साय धरत नाही. ती साय मिलानच्याच अकिले गाज्या यांनी युद्धोत्तर काळात दांड्याच्या यंत्रातून मिळविली. मात्र मोकाचा अर्क दुधाशी झुंजण्याइतका कडक नक्कीच असतो. इटालियन घरांतील न्याहारीची दुधाळ कॉफी त्याच्याच आधारावर होते.

भांडे उत्तम असले, तरी काळ प्रतिकूल होता. मुसोलिनीच्या राजवटीने स्वावलंबनाचा नारा दिला होता. ॲल्युमिनियम हा देशी धातू म्हणून त्याला मान मिळाला. पण इथिओपियावरील आक्रमणामुळे १९३५ साली राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले, तशी परदेशी कॉफीच दुर्मीळ होत गेली. लोक भाजलेले सातू आणि चिकोरी यांवर भागवू लागले. कॉफीचे भांडे तयार आणि कॉफी गायब, अशी ही विचित्र कोंडी होती. बियालेत्ती आपला माल आसपासच्या बाजारांत आणि जत्रांत नेऊन विकत. १९४० पर्यंत जेमतेम ७० हजार नग खपल्याचे सांगितले जाते. पुढे महायुद्धाने उत्पादनच थांबविले.

त्यांचा मुलगा रेनातो जर्मनांच्या युद्धकैदेतून सुटून आला आणि १९४६ साली कारभार त्याच्या हाती गेला. वडील घडविणारे, तर मुलगा विकणारा. रेनातोने इतर वस्तू बाजूला सारून मोकावरच सारा भर दिला. मिलानच्या व्यापारी जत्रांत प्रचंड आकाराच्या किटल्या उभारल्या आणि भिंती जाहिरातींनी भरून टाकल्या. व्यंगचित्रकार पॉल कांपानी यांनी रेखाटलेला, बोट उंचावून कॉफी मागणारा मिशाळ गृहस्थ १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचला. पित्याने दोन दशकांपूर्वी घडविलेली वस्तू जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बदलला तो काळ आणि विकण्याचा मार्ग.

४ मार्च १९७० रोजी अल्फोन्सो यांचे निधन झाले. नवी मुंबई वसविणाऱ्या ‘सिडको’ची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढे कंपनी कुटुंबाच्या हातून गेली आणि २०१० साली ओमेन्याचा कारखानाही बंद पडला. २०१६ साली रेनातो यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोकाच्याच आकाराच्या कलशात ठेवण्यात आल्या. अल्फोन्सो यांचे नातू अल्बेर्तो अलेस्सी यांनी मातब्बर वास्तुरचनाकारांकडून कॉफीची नवी भांडी घडवून घेतली. मूळ अष्टकोनी किटली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसली.

आपल्याकडे ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणून नाके मुरडण्याची रीत आहे, म्हणून या भांड्याविषयी चार गोष्टी सांगणे अगत्याचे. पाणी खालच्या झडपेच्या वर जाऊ देऊ नये. पूड रव्यासारखी बारीक असावी, पण दाबून भरू नये. आच मंद ठेवावी. आपल्या शेगडीवर हे बारीक बूड डळमळते, म्हणून खाली जाळी ठेवलेली बरी. ॲल्युमिनियमचे भांडे इंडक्शनवर तापत नाही. खळखळ ऐकू येताच ते उतरवावे, नाहीतर कॉफी कडवट होते. दूध उकळी न आणता साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून रवीने घुसळले, तर हलका फेस येतो. त्यात कडक कॉफी ओतली, की घरचा कापुचिनो तयार.

बियालेत्ती यांनी श्रीमंतांसाठी काही घडविले नाही. जी चैन चार पैसे मोजून दुकानात उभ्याने घ्यावी लागे, ती त्यांनी चुलीवर आणून ठेवली. यशाचा मोठा वाटा मुलाच्या काळात आला, तरी त्यांच्या साच्यातून निघालेले ते आठ कोन आजही तसेच आहेत.