बेनी फ्रीडमन : ब्रँडाइसचे पहिले क्रीडा संचालक

वेस्ट विंडसरमधील आपल्या मंडळींना प्रिन्स्टनचा फुटबॉल चांगला परिचयाचा आहे. थंडीची चाहूल लागली की शनिवारी स्टेडियमकडे माणसांची रीघ लागते. हा फुटबॉल मुंबईच्या कूपरेजवरचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे, नाहीतर लांब फेकायचा. कॉलेजांचा पहिला सामना प्रिन्स्टन आणि रट्गर्स यांच्यात १८६९ साली आपल्या न्यू जर्सीतच झाला. परंतु हा चेंडू फेकावा कसा, हे अमेरिकेला दाखविणाऱ्यांत एक ज्यू गृहस्थ अग्रभागी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

बेनी फ्रीडमन यांचा जन्म १९०५ साली क्लीव्हलँड येथे, रशियाहून आलेल्या धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. मिशिगन विद्यापीठाच्या संघात ते क्वार्टरबॅक, म्हणजे डावाचे सूत्रधार होते. त्या वेळचा चेंडू अधिक जाडा, मुठीत न मावणारा. फेकणे हा धोक्याचा, अडीअडचणीचा उपाय समजत. फ्रीडमन मात्र केव्हाही फेकीत. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा यांनी ते आपल्याला मिळावेत म्हणून १९२९ साली डेट्रॉइटचा अख्खा संघच विकत घेतला! त्या हंगामात फ्रीडमन यांच्या फेकीवर वीस टचडाउन झाले. तो विक्रम १९४२ पर्यंत टिकला.

पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्रशिक्षकाचे काम केले आणि महायुद्धात नौदलात सेवा बजावली. १९४९ साली ब्रँडाइस विद्यापीठाने त्यांना क्रीडा संचालक म्हणून बोलावले. आपल्याकडे कॉलेजचा जिमखाना एखादे प्रोफेसर फावल्या वेळात सांभाळीत. इकडे तो मोठा हुद्दा असतो. संघ बांधणे, खेळाडू मिळविणे, सामने ठरविणे, पैसा उभा करणे, सारे त्याच्याच गळ्यात. ब्रँडाइस तर अवघे एक वर्षाचे! नामांकित विद्यापीठांत ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा असत, प्रिन्स्टनही त्याला अपवाद नव्हते. म्हणून ज्यूंच्या देणग्यांतून, पण सर्वांना खुले असे हे विद्यापीठ १९४८ साली निघाले. ज्यू म्हणजे पुस्तकातला किडा, ही समजूत पुसायलाही फ्रीडमन यांचे नाव उपयोगी होते. संघात बिगर-ज्यू मुलेही पुष्कळ होती. फ्रीडमन यांनी प्रशिक्षकपदही स्वतःच सांभाळले.

फुटबॉल हा पैसा खाणारा खेळ. १९५९ चा हंगाम संपल्यावर, १९६० साली, खर्चाच्या कारणास्तव विद्यापीठाने संघ बंद केला. शिक्षकाच्या नजरेने पाहता मला तो निर्णय योग्यच वाटतो. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आधी. पण दहा वर्षे खपून उभे केलेले डोळ्यांदेखत मोडताना पाहणाऱ्याला हे सांगावे कसे? १९६३ साली फ्रीडमन यांनी ब्रँडाइस सोडले.

त्याच वर्षी ओहायोतील कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम उघडले. वर्षामागून वर्षे गेली, फ्रीडमन यांची निवड होईना. ते स्वतःच आपली बाजू मांडीत राहिले. काहींना ते खटकले. मला त्यात वावगे दिसत नाही. जुन्या खेळाडूंना पेन्शन मिळावी म्हणूनही ते झगडले. आजारपणात त्यांचा एक पाय कापावा लागला, आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी आपल्याच हाताने जीवनयात्रा संपविली.

हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते २००५ साली. त्याच वर्षी फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूलाही मरणोत्तर मान मिळाला. सोबत डॅन मरिनो आणि स्टीव्ह यंग होते, दोघेही फेकीवर नाव कमावलेले.