महाडच्या अंगणातून दिसणारा तेजोमेघ आणि पुण्याचे विस्मरणात गेलेले प्रोफेसर नायगमवाला

जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास महाड किंवा पोलादपूरच्या अंगणातून वर बघितलं, की मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत दिसतात. त्यांच्या जरा दक्षिणेला एक पुसट ठिपका असतो. तो तारा नाही, वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग आहे. त्याला तेजोमेघ म्हणतात. घरच्या अंगणातून आकाशाचे फोटो काढणारे हौशी लोक बहुतेक वेळा सुरुवात करतात ती यापासूनच.

अडचण असते ती हायवेच्या आणि एमआयडीसीच्या दिव्यांची. त्यावर उपाय म्हणून ओ-थ्री नावाचा फिल्टर वापरतात. तेजोमेघातून येणारा ठराविक हिरवा प्रकाश तो आत सोडतो आणि दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो.

याच हिरव्या प्रकाशावरून 19 व्या शतकात जोरदार वाद झाला होता. आणि त्या वादात पुण्यातून निरीक्षणं मांडणारा माणूस होता, कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवालांचा जन्म 1857 चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना 5,000 रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला आणि ठरवलं, की ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण करणारी वेधशाळा उभारायची.

पुढे त्यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. त्यामुळे वेधशाळाही पुण्यात आली. तिचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथली 20 इंची आरशाची दुर्बीण पुढे कितीतरी वर्षं भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती.

आता तो वाद. सूर्यप्रकाशात हेलियमची खूण ओळखणारे नॉर्मन लॉकयर म्हणजे त्या काळातलं बडं नाव. त्यांचं म्हणणं होतं, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आणि ती हिरवी रेषा मॅग्नेशियमची. तसं असेल, तर रेषा एका बाजूला पसरट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून मृगातला तेजोमेघ तपासला. रेषा धारदार दिसली. 1891 मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या किलर यांची मोजमापंही लॉकयर यांच्या विरोधातच होती.

मग ती रेषा होती तरी कशाची? उत्तर मिळालं 1927 मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवलं, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. फिल्टरच्या नावातला ओ तो हाच.

22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. खग्रासचा पट्टा महाड-पोलादपूरच्या दक्षिणेकडून गेला. लॉकयर विजयदुर्गावर आले होते. नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. शेजारीच लिक वेधशाळेची तुकडी होती. सूर्य पूर्ण झाकला जाणार जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात कॅमेऱ्यांनी सूर्याचा प्रभामंडल आणि त्याचा वर्णपट टिपायचा होता. त्यांनी ते केलं. आणि त्याचा सविस्तर अहवाल पुढे वेधशाळेच्या नावानेच छापून आला.

एवढं सगळं होऊनही ही वेधशाळा टिकली नाही. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने ती बंद केली. त्यांची जागा घेईल असा माणूस तयार झाला नव्हता, तयार करण्याची सोयही नव्हती. उपकरणं तामिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. मोठी दुर्बीण तिथे कित्येक वर्षं वापराविना राहिली. 1938 मध्ये नायगमवाला गेले.

पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ती पुन्हा उभी राहिली. 1980 च्या दशकात तर लडाखचं आकाश वेधशाळेसाठी योग्य आहे का, हे तपासायला तिला लेहला नेण्यात आलं. शंभरीच्या उंबरठ्यावरची दुर्बीण तेव्हाही कामाला आली. दुर्बिणीला नाव मिळालं ते देणगीदार महाराजांच्या संस्थानाचं. तिच्यातून पुण्याचं आकाश वाचणाऱ्या प्रोफेसरांचं नाव मात्र मागेच राहिलं.