सात ऑपरेशन्स झालेला कॅप्टन आणि छातीत लपलेली गाठ

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकन व्यापारी जहाजावरचे कॅप्टन. उंचेपुरे, धडधाकट. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत त्यांची हाडं साध्या कारणांनी मोडू लागली, पाठीला बाक आला, मूतखडे झाले. उंची तब्बल ७ इंचांनी घटली!

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं आढळलं. संशय गेला पॅराथायरॉइडवर. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण ४ ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. एखादी बेलगाम झाली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं.

बॉस्टनमध्ये त्यांचा गळा दोनदा उघडला, गाठ मिळाली नाही. मग न्यूयॉर्क, मग १९३२ मध्ये परत बॉस्टन. एक्स-रेत पोकळ झालेली हाडं दिसायची, पण ग्रंथी दाखवणारं यंत्रच तेव्हा नव्हतं. शेवटी मार्टेल यांनी स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचून काढली आणि छातीत शोधा, असा हट्ट धरला. पेशंटचंच बरोबर निघालं. सातव्या ऑपरेशनमध्ये एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांना छातीच्या हाडामागे ३ सेंटीमीटरची गाठ सापडली.

असा पेच आज वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या बाबतीत पडतो. किडनी निकामी झाली की फॉस्फरस साठतो, व्हिटॅमिन डी नीट कामाला येत नाही, कॅल्शियम घटतं. ते भरून काढता काढता चारही ग्रंथी फुगतात. औषधांनी भागलं नाही तर ऑपरेशन. त्यात एखादी ग्रंथी छातीत राहून गेली, तर दुखणं परत येतं. म्हणून आधी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन करतात. हाडामागचं सोनोग्राफीत दिसत नाही. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध मात्र जास्त काम करणाऱ्या ग्रंथीत टिकून राहतं, त्यामुळे ती छातीत असली तरी सापडू शकते. पण एकाच वेळी अनेक ग्रंथी फुगल्या असतील तर स्कॅनही एखादी चुकवतो, तेव्हा सर्जनला चारही शोधाव्याच लागतात.

मार्टेल यांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. गाठीचा बराचसा भाग काढल्यावर त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली आलं, स्नायूंना पेटके येऊ लागले. मूतखडे होतेच. मूत्रनलिकेत अडकलेल्या एका खड्यावर उपचार केल्यानंतर, गाठ सापडून जेमतेम सहा आठवडे झाले असताना, १९३२ मध्येच ते गेले.